यांची झोप

"झोप कशी लागते?" खाणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टर बोंदरे मॅडमनी विचारलं.

"एकदम बेस," हे म्हणाले. "डोकं टेकवलं का खल्लास. मंग सकाळचा भोंगाच उठवते."

मॅडमनी मान डोलावली आणि पुढचं विचारलं. पायाला मुंग्या येतात का, नजर अंधुक होते का, जखम लवकर भरते का. हे छाती पुढे काढून उत्तरं देत होते, जसा काही तोंडी परीक्षेत पहिला नंबर काढायचा होता. मी बाजूच्या स्टुलावर गप बसले होते. साखरेच्या रोग्यांनी बायकोला सोबत आणावं, कारण स्वयंपाक तीच करते, असा मॅडमचा नियम होता. त्यामुळे मला फक्त जेवणाचं विचारलं गेलं. भात किती वेळा होतो? दोन वेळा, मी म्हटलं. एक वेळ करा. बरं. आमच्या धानाच्या मुलखात माणसाला भात कमी कर म्हणणं म्हणजे जावयाला पंगतीतून उठवण्यासारखं आहे, पण मी बरं म्हटलं.

झोपेचं मला कोणी विचारलं नाही.

या गोष्टीला आता वीस वर्षं होऊन गेली. आमची खाण मॅंगनीजची, तुमसरच्या पुढे जंगलाच्या कडेला. जमिनीत विहिरीसारखा सरळ खाली खोदलेला मोठा खड्डा होता आणि त्यातून एक लोखंडी पिंजरा खाली-वर जायचा. पाळीची माणसं त्या पिंजऱ्यात दाटीवाटीनं उभी राहून खाली कामाला उतरायची आणि पाळी संपली की तशीच वर यायची. पिंजरा जाड तारेच्या दोराला टांगलेला. तो दोर इंजिनघरातल्या मोठ्या ढोलावर गुंडाळलेला आणि त्या इंजिनाच्या खुर्चीत हे बसायचे. नाव टेकचंद लांजेवार, पण खाणीत सगळे डायवरजी म्हणायचे.

खुर्चीतून पिंजरा दिसत नसे. त्यातली माणसंही दिसत नसत. समोर एक मोठी तबकडी, तिच्यावर फिरणारा काटा, आणि कानावर पडणारी घंटी, एवढंच. तीन घंट्या म्हणजे माणसं चढली. मग हे हळूच ब्रेक सोडायचे. पिंजरा तळाला टेकायचा तेव्हा आतल्या माणसाला कळायचंही नाही, असा यांचा हात. यांच्या वडिलांनी याच खाणीत डोक्यावर टोपल्या वाहिल्या होत्या. त्यांचा मुलगा परीक्षा देऊन त्या खुर्चीत बसला, याचं यांना किती अप्रूप होतं ते सांगून समजायचं नाही. विश्वकर्मा पूजेला घरच्यांना इंजिनघरात जायची मुभा असे. तेव्हा हे मला खुर्ची दाखवायचे, पण तीत बसू द्यायचे नाहीत.

आणि यांची झोप मला माहीत होती. माणसाला स्वतःची झोप माहीत नसते. ती शेजारच्याला माहीत असते.

साखर निघाल्यापासून, खरं तर त्याच्याही आधीपासून, यांची रात्र म्हणजे नुसती ये-जा. तहान लागली म्हणून उठायचे, मग लघवीला उठायचे, मग पुन्हा तहान. मधल्या वेळात तळपाय जळायचे, म्हणून ते पाय भिंतीला लावून पडायचे. आमच्या क्वार्टरच्या भिंतीवर त्या जागी चुन्याला दोन काळपट पट्टे पडले होते. डोळा लागला की घोरणं सुरू. घोरण्याचं मला काही नव्हतं, ते सवयीचं होतं. मला जागं ठेवायचं ते घोरणं थांबणं. एकाएकी सगळं बंद व्हायचं. छाती हलायची पण श्वास यायचा नाही. मी अंधारात वाट बघत पडायचे. मग गुदमरल्यासारखा मोठा आचका यायचा, हे कूस बदलायचे, आणि पुन्हा घोरणं. सकाळी विचारलं तर म्हणायचे, मस्त झोप झाली.

दिवसा मात्र ही झोप वसुली करायची. दाढी करता करता मान खाली जायची. ताटावर बसून हातात घास तसाच राहायचा. पाहुणे बोलत असायचे आणि यांचे डोळे मिटलेले. लोक हसायचे, हेही हसायचे.

तपासणीच्या आधीच्या आठवड्यात आम्ही तुमसरच्या माझ्या भावाकडून लूनावर परत येत होतो. दुपारची वेळ, सरळ रस्ता, वाहन नाही. लूना हळूहळू डाव्या बाजूला सरकायला लागली. मला वाटलं, हे थांबवतायत. मग चाक रस्त्यावरून उतरलं आणि पुढे धानाच्या शेताची बांधी दिसली. मी मागून यांचा सदरा धरून ओढला. लूना आडवी झाली, आम्ही दोघंही गवतात पडलो. फारसं लागलं नाही.

"खड्डा होता," हे कपडे झटकत म्हणाले.

मी मागे वळून बघितलं. रस्ता नवीन डांबराचा होता. खड्डा कुठेच नव्हता. पण हे खोटं बोलत नव्हते. यांना खरंच खड्डा आठवत होता. मला भीती वाटली ती त्या खड्ड्याची.

तर तपासणी झाली. रक्ताचा अहवाल आला की संध्याकाळपर्यंत तंदुरुस्तीच्या कागदावर सही करते, असं मॅडमनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी यांची सकाळची पाळी होती. आम्ही घरी आलो. मी भाकरी आणि भाजी वाढली. भात नाही बघून यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, पण जेवायला लागले. निम्म्या भाकरीवर डोळे मिटले. मी समोर बसून राहिले.

दाराबाहेरून दुपारच्या पाळीची माणसं चालली होती. कोणी डबा हलवत, कोणी गाणं म्हणत. एकानं आत डोकावून हाक दिली, "डायवरजी, राम राम." यांनी ऐकलं नाही. मी हात वर केला, तो पुढे गेला.

थोड्या वेळानं हे दचकून जागे झाले आणि घास तोंडात टाकला, जसा काही मध्ये वेळ गेलाच नव्हता.

"अजी," मी म्हटलं, "झोपेचं तुमी मॅडमले खरं नाही सांगितलं."

"काय खरं नाही सांगितलं?"

"तुमाले झोप लागत नाही. अन् लागू नये तिथं लागते."

"घरात लागते. घर झोपासाठीच असते."

"लूनावर?"

"खड्डा होता म्हणलं ना." ते पाणी प्यायले. "हे पाह्य, इंजिनघरात एक वेगळा टेकचंद बसते. खुर्चीत बसलो का झोप पळते. आजवर एक घंटी चुकली नाही. इचार घंटीवाल्या सेवकरामले."

"मी सांगू का मॅडमले?"

यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मोजून बघावं तसं.

"सांग," ते म्हणाले. "मंग मले टॉर्चा वाटाच्या कामाले बसवतीन. रोज सकाळी त्याच पोरायच्या हातात बत्त्या देईन, जे आज माह्या हातावर खाली जातेत. तुले पाहाले बरं वाटन तर सांग."

एवढं बोलून ते खाटेवर आडवे झाले आणि घोरायला लागले. मी भांडी घासली. ओटा पुसला. मग साडी बदलली आणि दवाखान्यात गेले.

बोंदरे मॅडम नागपूरच्या. वयानं माझ्यापेक्षा लहान, बोलणं कमी. मी सांगत गेले आणि त्या ऐकत गेल्या. श्वास थांबण्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. लूनाचं सांगितलं तेव्हा खुर्ची पुढे ओढली.

"हे तुम्ही सकाळी त्यांच्यासमोर का नाही सांगितलंत?"

"त्यायले इचारलं होतं. मले नाही."

त्यांनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाल्या, "आता मी हे ऐकलंच नाही असं करता येणार नाही. समजतंय ना तुम्हाला?"

"समजते."

"नोकरी जाणार नाही. पण खुर्चीवरून उठावं लागेल. नागपूरला झोपेची तपासणी होईल, उपचार होतील, मग बघू. कदाचित परत बसतील, कदाचित नाही. मी शब्द देऊ शकत नाही." मग त्या म्हणाल्या, "तुमचं नाव मी कुठे घेणार नाही."

"घ्या," मी म्हटलं. "रात्रीचं दुसऱ्या कोणाले माहीत रायणार?"

मी घरी आले तेव्हा हे अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी कुठे गेले होते ते त्यांना कळलं असावं, कारण विचारलं नाही. मीच म्हटलं, "मी सांगून आली."

ते उठले. आत जाऊन आपली खाट उचलली, एकट्यानं, आणि व्हरांड्यात नेऊन टाकली. त्या दिवसापासून ते तिथेच झोपू लागले. म्हणजे पडू लागले.

सकाळी खुर्चीत दुसरा डायव्हर बसला. हे टॉर्चच्या खोलीत खिडकीमागे बसून बत्त्या वाटू लागले. पोरं आता त्यांना काय म्हणावं या अडचणीत पडली. काही डायवरजीच म्हणत राहिली. ते यांना जास्त लागत असावं.

माझ्याशी बोलणं बंद झालं. अगदी बंद नाही. भिंतीशी बोलल्यासारखं चालायचं. "चहा झाला असंन तर पाहावं." "कोणी टॉवेल उचलला कोण जाने." वसाहतीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. नळावर बायका मला पाहून कळशी बाजूला घ्यायच्या. जागा द्यायच्या म्हणा किंवा अंतर ठेवायच्या म्हणा. सेवकरामची बायको सायत्रा तर तोंडावर बोलली, "नवऱ्याचं अंथरूण कोणी चव्हाट्यावर नेत नाही जी. तुमी नेलं." मी कळशी भरली आणि घरी आले. तिला काय उत्तर द्यायचं होतं? यांच्या हातून काही झालं नव्हतं. कधीच नाही. पिंजरा रोज खाली गेला होता आणि रोज वर आला होता. जे झालं नाही ते कोणाला काढून दाखवता येत नाही.

एका रविवारी सेवकराम स्वतः आला. हे बाजाराला गेले होते, ते बघूनच आला असावा. सेवकराम उके हा यांचा जुना दोस्त. खड्ड्याच्या तोंडावर उभं राहून पिंजऱ्याचं दार लावायचं आणि घंटी द्यायची, हे त्याचं काम. म्हणजे त्यानं घंटी द्यायची आणि यांनी पिंजरा हलवायचा. दोघं दिवसभर एकमेकांना दिसत नसत, पण बोलत असत म्हणा ना.

"वयनी, तुमी हे बरं नाही केलं," तो उभ्याउभ्याच म्हणाला.

"बसा भाऊजी. चहा टाकते."

"तुमाले तो खुर्चीत झोपलेला दिसला काय?"

"नाही."

"मले दिसला काय? मी तोंडावर उभा रायतो. एक घंटी चुकवली नाही त्यानं."

मी चहा गाळून कप त्याच्या पुढे ठेवला. "भाऊजी, एक सांगा. उद्या लूना यांच्या हातात देऊन तुमी मागं बसान? तुमसरपर्यंत?"

त्यानं कप उचलला. फुंकर घातली. चहा पिऊन संपवला. दारापर्यंत गेला आणि तिथे थांबला.

"आधी घंटीसंगच हालत होता पिंजरा," तो बाहेर बघत म्हणाला. "इकडं घंटी, तिकडं हाल. अलीकडं मधात एक दम जायचा. मी म्हणलं, वय झालं आता आपलं."

"त्यायले बोलले तुमी कधी?"

"असं कसं बोलावं जी," सेवकराम म्हणाला आणि गेला.

नागपूरच्या तपासणीची तारीख धान निसवून लोंब्या यायच्या सुमारास आली. मोठ्या दवाखान्यात एका खोलीत यांना झोपवलं, डोक्याला, छातीला, बोटाला तारा लावल्या. मी बाहेर बाकावर होते. सकाळी तिथल्या डॉक्टरांनी दोघांना आत बोलावलं. तरुण होते, चष्मा होता, समजावून सांगायची हौस होती. त्यांनी पडद्यावर यांची रात्र दाखवली.

"ही रेघ तुमच्या श्वासाची," ते म्हणाले. रेघ वर-खाली जात होती, मग एकदम सपाट झाली. सपाटच राहिली. मग एक उंच उडी. पुन्हा वर-खाली, पुन्हा सपाट. "घशाचे स्नायू सैल पडतात, वाट बंद होते. श्वास अडला की शरीर घाबरतं आणि तुम्हाला जागं करतं. पूर्ण नाही, अर्धवट. तुम्हाला आठवतही नाही. पण झोप तुटते. रात्रभर असंच चालतं."

हे पडद्यावरून नजर हलवत नव्हते. ज्या माणसानं आयुष्यभर तबकडीवरच्या काट्याकडे बघून काम केलं, त्याला रेघ वाचायला शिकवावं लागत नाही.

"आणि याचा साखरेशी संबंध आहे," डॉक्टर सांगत होते. "शरीर घाबरलं की रक्तात साखर सोडतं. साखर चढली की लघवी लागते, तहान लागते, म्हणून पुन्हा उठणं. साखरेनं पायाच्या नसा दुखावतात, म्हणून आग. झोप पुरी नाही झाली की दिवसा भूक जास्त, वजन वाढतं, गळ्याशी चरबी वाढते आणि श्वास आणखी अडतो. एकामुळे दुसरं, दुसऱ्यामुळे पहिलं. तुम्ही गोळ्या घेताय तरी साखर ताब्यात का येत नाही, त्याचं एक मोठं कारण हे आहे."

"माणसाले हे समजत नाही?" यांनी विचारलं.

"झोपलेल्या माणसाला कसं समजणार? घरी कोणी सांगितलं नाही तुम्हाला?"

हे पडद्याकडेच बघत राहिले. माझं त्यांनी ऐकलं नव्हतं, रेघेचं ऐकलं. तेवढं मला पुरलं.

मशीन मिळालं. एक छोटा डबा, त्याला नळी आणि नाकावर बसवायचा रबरी मुखवटा. डबा रात्रभर हवा देत राहायचा, म्हणजे घसा उघडा राहायचा. पहिल्या रात्री यांनी तो चढवला आणि आरशात बघितलं. "गणपतीच झालो," ते म्हणाले. भिंतीलाच म्हणाले, पण मी हसले, आणि त्यांनी ते ऐकलं. मशीनला वीज लागायची आणि व्हरांड्यात बटन नव्हतं. म्हणून खाट आत आली. त्याचं दुसरं काही कारण मी काढलं नाही.

सुरुवात वाईट गेली. रबर टोचायचं, नाक सुकायचं, मुखवटा निसटून फुसफुसायचा. हे उपटून फेकायचे, मी उचलून पुसून उशाशी ठेवायचे. बोंदरे मॅडमनी गोळ्या बदलल्या. पायाच्या आगीसाठी वेगळी दिली. संध्याकाळचं जेवण लवकर, मग वसाहतीच्या मैदानाला फेऱ्या. फेऱ्या मारताना हे दहा पावलं पुढे आणि मी मागे. आम्ही दोघं भांडून निघालोय की फिरायला निघालोय, हे बघणाऱ्याला कळत नसावं.

मग यांच्या सुट्टीच्या एका सकाळी भोंगा झाला आणि हे उठले नाहीत. मी चूल सोडून आत आले. मशीनचा बारीक आवाज येत होता. हे पाठीवर पडून होते, पाय भिंतीपासून दूर, अंग सैल सोडलेलं. मी यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मी जवळ जाऊन छातीकडे बघत उभी राहिले. छाती खाली जात होती, वर येत होती, एका चालीत. मी तशीच उभी होते, आणि चुलीवरचं दूध उतू गेलं.

उन्हाची तिरीप पायावर आली तेव्हा त्यांनी डोळे उघडले. मुखवटा काढला.

"कोणता भोंगा झाला?"

"पाळीचा. कधीचाच."

ते उठून बसले. डोळे स्वच्छ होते, धुतलेल्या काचेसारखे. मग पहिल्यांदा, कित्येक महिन्यांनी, माझं नाव घेऊन बोलले.

"रत्नकला, त्या दिवशी रस्त्यात खड्डा नव्हता काय?"

"नव्हता."

त्यांनी मान हलवली. "आधी मले पक्कं माहीत होतं का मी खुर्चीत कधी झोपलो नाही," ते म्हणाले. "कोणीही इचारलं असतं तर छातीवर हात ठेवून सांगितलं असतं. आता पक्कं सांगता येत नाही."

मी चहा आणला. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला.

पुढे साखर उतरत गेली. एकदम नाही, पण गेली. वजन उतरलं. ताटावर मान जायची थांबली. पाहुणे बोलायला लागले की आता हे त्यांचं सगळं ऐकायचे, आणि पाहुणे लवकर उठायचे. पुढच्या वर्षी नागपूरला पुन्हा तपासणी झाली, खाणीच्या मोठ्या साहेबांसमोर कागद गेले, आणि बोंदरे मॅडमनी सही केली. सही करण्याआधी त्यांनी झोपेचं विचारलं. मला विचारलं. हे शेजारी बसले होते आणि छताच्या पंख्याकडे बघत होते.

"लागते," मी म्हटलं. "मी पाहिली."

हे परत खुर्चीत बसणार होते त्या दिवशी मी नळावर गेले तेव्हा बायका आधीच जमलेल्या होत्या. त्यांचे नवरे, दीर, मुलगे त्या सकाळी यांच्या हातावर खाली जाणार होते. कोणी कळशी भरत नव्हतं. पाणी नुसतं वाहत होतं. सायत्रा पुढे झाली. तिचा धाकटा दीर त्याच पाळीला होता.

"रात्री झोपले ना जी ते?" तिनं विचारलं.

"झोपले."

"पुरे?"

"पुरे."

तिनं माझी कळशी घेतली आणि नळाखाली आपल्या आधी लावली.

मग तो रिवाजच पडला. रोज सकाळी कोणी ना कोणी विचारायचं. झोपले का? झोपले. कोणी हसत विचारायचं, कोणी सहज, एखादी नवी लग्न होऊन आलेली पोर लाजत विचारायची, कारण तिला वाटायचं हे भलतंच काही विचारणं आहे. मी उत्तर द्यायचे. यांना हे कळलं तेव्हा ते चिडतील असं मला वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, "नळावर माह्या झोपेचा बाजार भरते म्हणतेत."

"भरते," मी म्हटलं.

"खोटं नको सांगू कधी."

"नाही सांगत."

दोन-तीन वर्षं अशी गेली. एका उन्हाळ्यात वादळ आलं, झाडं पडली, वसाहतीचा ट्रान्सफॉर्मर जळाला. रात्रभर वीज नव्हती. मशीन बंद. हे नुसते पडले, घोरले, अडले, उठले. मी जुन्या दिवसांसारखी जागी होते. पहाटे हे पुन्हा उठून बाहेर गेले, लघवीलाच असं मला वाटलं, आणि मी अंधारातच कळशी घेतली. नळाकडे चालले होते आणि मनात वाक्य जुळवत होते. आज मला नाही म्हणावं लागणार होतं. त्या "नाही"चा अर्थ सगळ्या बायका लावणार होत्या, आणि तो यांच्यापर्यंत पाळीच्या आधी पोचणार होता.

नळावर सायत्रा एकटीच होती. तिनं काही विचारलं नाही.

"तुमी काहून आज इचारलं नाही?" मी म्हटलं.

"काय इचारू," ती म्हणाली. "डायवरजी मघाशीच आमच्या दारात आले होते. आमच्या यायले उठवलं अन् सांगितलं, साहेबाले निरोप दे, आज माही झोप झाली नाही, दुसऱ्याले बसवा."

"तेच आले होते?"

"हाव. सदऱ्याच्या गुंड्या बी लावल्या नव्हत्या."

मी कळशी भरली. घरी आले तेव्हा हे खाटेवर बसून तळपायाला हात लावत होते. मी कुठे गेले होते, काय ऐकून आले, त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. भोंगा झाला. पाळीची माणसं दारावरून खाणीकडे गेली. दुसऱ्या डायव्हरनं त्यांना खाली सोडलं आणि पाळी संपल्यावर वर घेतलं, सगळ्यांना.